साडेबाराला आळी थांबायची

असं समजा, तुमच्या डाव्या हाताला एक माणूस तांब्याच्या हंड्यावर हातोडा मारतोय. ठण, ठण, ठण. उजव्या हाताला दुसरा. समोर तिसरा. भिंतीपलीकडच्या दुकानात आणखी चार. आणि अशी तीस दुकानं, समोरासमोर, एका अरुंद आळीत. आता या सगळ्याच्या मधोमध बसून शेजारच्याला सांगा, मला तहान लागली आहे.

सांगून बघा. नाही ना जमत?

आम्हाला जमायचं. अंगठा ओठांना लावला की पाणी. पालथा पंजा खाली दाबला की थांब. डाव्या तळहातावर उजवी मूठ दोनदा आपटली की काम सुरू कर. बाकीचं ओठांवरून ओळखायचं. आमच्या तांबट आळीतली पोरं बाराखडीच्या आधी या खुणा शिकायची, आणि आमच्या दुकानात त्या शिकवायचं काम माझं.

आणखी एक करा. जरा सरकून माझ्या समोर बसा. पाठीमागून बोललेलं मला कळत नाही. का, ते गोष्टीत येईल.

तर त्या खुणांमध्ये माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी म्हणजे वैजू. माझ्या मुलाची, दिगंबरची मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती, दुसरीत. बाकीची नातवंडं दुकानात आली की दोन्ही कानांवर हात ठेवून पळत सुटायची. वैजू चौथ्या वर्षापासून माझ्या ऐरणीशेजारी गोणपाटावर मांडी घालून बसायची. मी नुसते ओठ हलवले तरी उठून हवं ते आणून द्यायची. मी आल्यागेल्याला सांगायचो, "ही खरी तांबटाची पोर. बाकीचे नुसते आडनावाचे."

मार्च महिन्यात एक दिवस ती वहीत शाळेची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठी घाटेबाईंची होती. वैजूची आई, शैला, ती वाचता वाचता खाटेवर बसली.

"वैजयंती वर्गात लक्ष देत नाही," तिनं वाचलं. "हाक मारली तरी ओ देत नाही. विचारावं एक, तर सांगते दुसरंच. असंच चाललं तर हिला पुन्हा दुसरीत बसवावं लागेल. पालकांनी येऊन भेटावं."

"लक्ष देत नाही?" माझी बायको, जिला सगळे माई म्हणतात, ती पोळपाट सोडून बाहेर आली. "अगं, मी डब्याला नुसता हात लावला तरी ही लाडू मागायला हजर असते."

घराखालीच आमचं दुकान, तिथं जुना कारागीर शांताराम होता. तो खालूनच ओरडला, "बाईंना चार दिवस आपल्याकडे बसवा, माई. मग कळेल कोणाला ऐकू येत नाही ते."

तुम्हाला वाटेल, खालचा माणूस वरच्या गप्पांत कसा? आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. तांबटाच्या घरात कुणी हळू बोलला, तर त्याला ताप आलाय का बघतात.

मी वैजूला जवळ घेतलं. "काय गं, वर्गात काय करतेस तू?"

"काही नाही. बाई फळ्याकडे तोंड करतात, तेव्हा त्यांचं काहीच नसतं."

"काहीच नसतं म्हणजे?"

"म्हणजे त्या बोलतच नाहीत. पण बाकीची मुलं लिहितात. मग मी शेजारच्या निमाचं बघून लिहिते. निमाचं चुकलं की माझं पण चुकतं."

आम्ही सगळे हसलो. वैजूही हसली. पण झोपायला जाताना तिनं मला विचारलं, "अण्णा, निमा तिसरीत जाणार आणि मी नाही?"

मी म्हणालो, "तू पण जाणार. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी धोतर बदलून शाळेत गेलो. घाटेबाई तरुण होत्या, बारीक चणीच्या, बोलायला मऊ. मी काय म्हणालो ते त्यांना पहिल्याच वाक्याला कळलं, कारण माझं पहिलं वाक्य शेजारच्या दोन वर्गांतही ऐकू गेलं.

"बाई, तुमचा गैरसमज झालाय. तुम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या दुकानात या. तिथं तुम्हाला माझा आवाज ऐकू येणार नाही आणि तिला येईल. डोळ्यांनी बघा. मग ठरवा."

"येते," बाई म्हणाल्या. आणि खरंच आल्या.

शनिवारी बाराच्या सुमाराला पर्स काखेत दाबून आणि एक बोट कानात घालून त्या दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना स्टूल दिलं. शांताराम आणि दिगंबर मुद्दाम जोरात हाणत होते. मी वैजूला पाच हातांवर उभं केलं, माझ्याकडे तोंड करून. मग हंड्यावर हातोडा चालू ठेवून, आवाज न चढवता म्हणालो, "वैजू, माईकडून सुपारी आण."

वैजू वर पळाली आणि सुपारीचा डबा घेऊन आली.

"वैजू, दिगंबरच्या मागचा लहान हातोडा दे."

तोही आला. शांतारामनं नुसत्या ओठांनी काहीतरी सांगितलं. वैजू खुदकन हसली आणि बाईंकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणाले ते?" बाईंनी माझ्या तोंडासमोर वाकून विचारलं.

"तुमच्या पर्समध्ये छडी आहे का म्हणाला."

बाई हसल्या. पण त्या वैजूकडे फार निरखून बघत होत्या. तिच्या हातापायांकडे नाही, डोळ्यांकडे. वैजूचे डोळे आमच्या ओठांवरून हलत नव्हते.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बघितलंत? एवढ्या दणदणाटात तुम्हाला काही कळलं?"

"नाही. मला काही ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "अण्णा, हा आवाज कधी थांबतो?"

"साडेबाराला. जेवायची सुट्टी."

"मग मी थांबते."

आमच्या आळीत साडेबाराची गंमत असायची. कोपऱ्यावरच्या देवळात घंटा व्हायची, पहिलं दुकान थांबायचं, मग दुसरं, मग पुढचं. जणू कुणी चालत चालत एकेक दिवा मालवत यावा. शेवटचा हातोडा पडला की इतकं शांत व्हायचं, की वरच्या मजल्यावरची फोडणी ऐकू यायची. तसं झालं. वैजू उठून उंबऱ्यावर गेली. समोरच्या पायरीवर मांजरीनं पिल्लं घातली होती, ती बघत आमच्याकडे पाठ करून बसली.

"आता हाक मारा," बाई हळूच म्हणाल्या. "त्याच आवाजात. मघाशी मारली तशी."

"त्यात काय." मी म्हणालो, "वैजू, पाणी."

वैजू पिल्लं बघत होती.

"मांजरात गुंगलीय," मी म्हणालो. "वैजू, अगं पाणी आण."

तिनं वेणीचं टोक तोंडात धरलं आणि एका पिल्लाला बोटानं खुणावलं. शांतारामच्या हातातला जेवणाचा डबा उघडायचा राहिला.

तिसऱ्यांदा मी घरातल्यासारखा ओरडलो. तेव्हा ती वळली. "काय अण्णा?" तिनं विचारलं, आणि लगेच तिचे डोळे माझ्या ओठांवर आले.

"माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत," बाई म्हणाल्या. "मला असं ओरडता येत नाही. आणि मला फळ्यावर लिहावं लागतं."

मग दिगंबर म्हणाला, "अण्णा, घरात आपण सगळे ओरडतोच की."

म्हणजे आम्ही काय केलं होतं ते बघा. ज्या गोंगाटात कुणालाच ऐकू येत नाही, तिथं तिला बसवून आम्ही तिच्या कानाचं कौतुक करत होतो. ती ऐकत नव्हती. बघत होती.

चूक झाल्याचं कळलं की माणसं आधी दुसऱ्याला विचारतात, हे कुणामुळे झालं. आम्हीही तेच केलं. माई म्हणाली, "मी तर दर रविवारी लसूण घालून कोमट तेल सोडते तिच्या कानात." शैला म्हणाली, "तिला बारा महिने सर्दी असते, तोंड उघडं टाकून झोपते, मी म्हणत होते दाखवू या." दिगंबर म्हणाला, "तू म्हणालीस कधी?" शैला म्हणाली, "म्हणाले होते. खाली हातोडे चालू होते."

सोमवारी मी, शैला आणि वैजू सरकारी दवाखान्यात गेलो. कानाच्या डॉक्टर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी वैजूच्या कानात बॅटरी धरून पाहिलं, घसा पाहिला, नाक पाहिलं. मग खणातून एक चिमटा काढला, दोन दांड्यांचा, आणि तळहातावर आपटला. तो गुणगुणायला लागला.

माझा हात आपोआप पुढे गेला. "बघू? पोलाद आहे?"

"अण्णा, आधी तिला बघू दे," शैला म्हणाली.

डॉक्टरांनी तो वैजूच्या कानासमोर धरला. "वाजतंय?"

"थोडं."

मग त्याचा खालचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. वैजूनं श्वास धरला. तिचं तोंड असं पसरलं, की पडलेल्या दोन्ही दातांची जागा दिसली. "आता वाजतंय. आत वाजतंय. आई, डोक्यात वाजतंय."

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "आतलं यंत्र ठणठणीत आहे हिचं. पडद्याच्या मागे चिकट पाणी साठलंय, त्यामुळे आवाज आत पोचत नाही. नाकामागची गाठही वाढलीय. औषधानं बघू, नाही उतरलं तर छोटी शस्त्रक्रिया. पण कानात तेल घालायचं नाही. लसणीचं नाही, कसलंच नाही."

"हातोड्यांमुळे झालं का?" मी विचारलं.

"हे नाही. पण त्या आवाजात बसवत राहिलात तर तेही होईल. आणि ते झालं की औषधही नाही, शस्त्रक्रियाही नाही." त्यांनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही किती वर्षं हातोडा मारताय?"

"बावन्न."

"बसा इथं."

मी वैजूच्या स्टुलावर बसलो. डॉक्टरांनी चिमटा वाजवून माझ्या कानासमोर धरला.

"वाजवा की," मी म्हणालो.

"वाजतोय, अण्णा," शैला म्हणाली.

हाडावर टेकवला, तेव्हाही तो वाजला नाही. म्हणजे मला वाजल्यासारखा वाटला नाही. डॉक्टरांच्या हातात तो अजून थरथरत होता. मला तो थरथरताना दिसत होता.

"तिचा कान तुंबलाय. तो मोकळा करता येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा झिजलाय. झिजलेलं परत येत नाही. उरलंय तेवढं सांभाळा." त्यांनी खणातून रबराच्या बुचांच्या सहा जोड्या एका डबीत घालून दिल्या. "काम करताना सगळ्यांनी घालायची."

मी डबी घेतली, नमस्कार केला, आणि घरी येऊन ती दुकानाच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली.

औषधानं पाणी उतरलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, पडद्यांना बारीक छिद्र पाडून पाणी काढलं आणि मोहरीएवढ्या नळ्या बसवल्या. शैला आणि माई आळीपाळीनं तिच्याजवळ राहिल्या. दिगंबर बाहेरच्या बाकावर बसून राहिला. त्याला सुई बघवत नाही.

वैजू घरी आली त्या दिवसापासून घरातली कुठलीच खासगी गोष्ट खासगी राहिली नाही. "माई, फोडणी चुरचुर करते." "बाबा, तुम्ही जेवताना आवाज करता." "अण्णा, तुम्ही उठलात की गुडघ्यातून कट् असा आवाज येतो." शेवटी तिनं एका संध्याकाळी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "तुम्ही सगळे भांडताय का?"

"नाही गं," दिगंबर म्हणाला. "आम्ही बोलतोय."

"मग हळू बोला ना."

आम्ही हळू बोलायला शिकलो. तुम्हाला सोपं वाटतं, पण माईला दोन महिने लागले. कुणी बोलायचं झालं तर तिच्यासमोर जाऊन बोलायचं, दुसऱ्या खोलीतून नाही, असा नियम शैलानं केला. दुकानाच्या उंबऱ्यावर दिगंबरनं खडूनं रेघ ओढली: हातोडा चालू असताना एकही पोर रेघेच्या आत नाही. घाटेबाईंनी जूनमध्ये तिची पुन्हा परीक्षा घेतली आणि तिला तिसरीत घातलं. पहिल्या बाकावर. निमा शेजारी बसली. आता निमा तिचं बघून लिहायला लागली.

आणि एक नियम खास वैजूसाठी होता. नळ्या असेपर्यंत कानात पाणी जाता कामा नये. म्हणून आंघोळीच्या आधी कापसाचे बोळे करायचे, व्हॅसलीन चोपडायचं आणि कानात घट्ट बसवायचे. पहिले आठ दिवस शैलानं केलं. नवव्या दिवशी वैजू म्हणाली, "मला येतं." आणि तिला आलं. बोळा वळायचा, कान वर ओढायचा, बोळा हळूच फिरवत बसवायचा. एकही दिवस तिनं चुकवला नाही.

देवळीतली डबी मात्र तशीच होती.

"अण्णा, ती बुचं," दिगंबर अधूनमधून म्हणायचा.

"तू घाल की."

"तुम्ही घातलीत तर घालीन."

"आणि तुम्ही दोघांनी घातलीत तर मी," शांताराम म्हणायचा. "एकट्यानं घातली तर आळी म्हणेल, शांतारामला बायकोचं ऐकायचं नाहीये."

मी सांगायचो, तांबं बोलतं. कुठं पातळ झालं, कुठं फाटायला आलं, ते आवाजावरून कळतं. कान बुजवून काम करायला मी काय गवंडी आहे? आणि आता माझे कान राहिलेत किती, ही माझी आतली गोष्ट होती. ती मी कुणाला सांगितली नाही.

एका शनिवारी दुपारी जेवणं झाली होती. दोन वाजायला आले होते. आळी अजून निजलेली होती. शांताराम तंबाखू मळत होता, दिगंबर हंड्याचा काठ बघत होता, आणि मी दाराकडे पाठ करून माझ्या जागेवर बसलो होतो. हातोडा मांडीवर होता. हातोडे थांबलेले असल्यामुळे वैजूला रेघेच्या आत यायला परवानगी होती, आणि ती केव्हातरी आत आली असावी. मला काही चाहूल लागली नाही.

दिगंबरनं मान वर केली. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथंच राहिली. शांतारामचा अंगठा तळहातावर थांबला. दोघंही आधी माझ्या मागे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले.

"काय झालं?" मी विचारलं.

मी वळलो. वैजू दीड हातावर उभी होती, शाळेच्या फ्रॉकमध्ये. मार्च महिन्यात घाटेबाईंनी जसं तिच्याकडे पाहिलं होतं, तसं ती माझ्याकडे पाहत होती.

"मी तीनदा म्हणाले, अण्णा, पाणी हवं का," ती म्हणाली. "ओरडले नाही. नेहमीसारखं म्हणाले."

इतकी वर्षं मी पोरांना शिकवत आलो, पण पाठ करून बसलेल्याची परीक्षा काय असते, ते मला त्या दिवशी कळलं.

"आता माझी छोटी हाक तुम्हाला येत नाही," वैजू म्हणाली. "मग मोठी हाक पण जाईल?"

"असं डॉक्टर म्हणतात."

"मी रोज आंघोळीला बोळे घालते. मला पण गुदगुल्या होतात. तरी घालते."

मग ती देवळीशी गेली, टाचा उंचावून डबी काढली, झाकणावरची धूळ फ्रॉकला पुसली. माझ्यासमोर येऊन तिनं पालथा पंजा खाली दाबला. थांबा. मी हललो नाही. तिनं डाव्या हातानं माझा कान वर ओढला, जीभ दातांत धरली आणि बुच हळूच फिरवत बसवलं. मग दुसरा कान. आळीतला एवढातेवढा आवाज होता, तोही गेला. तिनं माझ्यासमोर चेहरा आणला आणि नुसते ओठ हलवले: दुखतंय?

मी मान हलवली. नाही.

तिनं माझ्या मांडीवरचा हातोडा दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिला. मग डबी घेऊन ती तिच्या बापाकडे गेली. दिगंबर उंच, तो मुकाट्यानं खाली वाकला. मग शांतारामकडे. त्यानं तंबाखूचा हात धोतराला पुसला आणि आधी डावा कान पुढे केला, मग उजवा.

कोपऱ्यावरच्या दुकानात पहिला हातोडा पडला असावा, कारण वैजूनं एकदम तिकडं मान वळवली. डबीचं झाकण लावून ती उंबऱ्याकडे गेली, खडूची रेघ ओलांडून पलीकडच्या पायरीवर मांजरीशेजारी बसली, आमच्याकडे तोंड केलं, आणि डाव्या तळहातावर उजवी मूठ दोनदा आपटली.